‘घरपोच एके-४७’ : अर्धं खरं, बाकी गप्पा

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेत एके-४७चे जुने पार्ट पोस्टाने घरी येतात. जोडले की मशीनगन तयार. आपल्याकडेही मागवता येतात.’ पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. पुढची दोन नाहीत.

पूर्व युरोपातल्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या रायफलींचे ‘पार्ट्स किट’ अमेरिकेत विकले जातात हे खरंच. खोक्यात लाकडी दस्ता, बोल्ट, स्प्रिंगा असतात. पण सगळे भाग ज्यात बसतात तो रिसीव्हर गॅस कटरने तुकडे करून निकामी केलेला असतो. कडा वितळलेल्या, वाकड्या. भंगारातच शोभतील अशा. १९६८च्या अमेरिकी कायद्यानुसार हा रिसीव्हर एकटाही ‘बंदूक’च. २००५पासून किटसोबत मूळ नळी आयात करायलाही मनाई आहे.

त्यामुळे हौशी माणसाला रिसीव्हर नवा लागतो, बरेच भाग अमेरिकी बनावटीचे घालावे लागतात, आणि तयार होते ती एका चापाला एकच गोळी सुटणारी रायफल. नव्या मशीनगनवर सामान्य नागरिकांना १९८६पासून बंदी आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत घरी बनवलेल्या बंदुकीलाही अनुक्रमांक घ्यावा लागतो.

भारतात तर प्रश्नच मिटला. १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दातच शस्त्रांचे सुटे भाग येतात. परवान्याशिवाय आयात गुन्हा, जुळणीही गुन्हाच. कस्टमने ‘फक्त स्प्रिंगच आहे’ म्हणून पार्सल सोडावं, एवढं भोळं ते खातं नाही.