टांगलेली डिंगी

ट्रॉलर पद्धतीच्या यॉटच्या माहितीपत्रकात डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी बोट, वरच्या डेकवर आधीच येऊन बसलेली असते. ती तिथवर पोचली कशी, याचा फोटो कोणी काढत नाही. कसा काढणार? सगळ्यांचे दोन्ही हात दोरात गुंतलेले असतात.

वजनाचा हिशेब आधी करू. 3 मीटरची, कडक तळाची, हवेच्या नळ्यांची डिंगी 60-70 किलोची. 15 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन 50 किलोच्या आसपास. पेट्रोलची टाकी, छोटा नांगर, वल्ही आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून साठलेलं सामान धरलं की आकडा दीडशेकडे सरकतो. रात्री पाऊस झाला असेल तर आतलं 100 लिटर पाणी म्हणजे आणखी 100 किलो, आणि उचलताना ते सगळं एका टोकाला धावतं. म्हणून आधी पाणी उपसावं. तळाचं बूच काढून मात्र नव्हे. डिंगी पाण्यात असताना बूच काढलं की आतलं पाणी बाहेर जायचं राहिलं बाजूला, समुद्रच आत येतो.

वजन उचलणं हे विंचचं, म्हणजे दोर गुंडाळत ओझं वर ओढणाऱ्या यंत्राचं काम, ते त्याला करू द्यावं. भार आला की 12 व्होल्टची विंच भरपूर करंट ओढते, त्यामुळे यॉटचं इंजिन चालू ठेवणं बरं. नाहीतर डिंगी नेमकी कठड्याच्या उंचीला आली की बॅटरी मान टाकते. माणसांच्या वाट्याला येतं ते झोका आवरणं, आणि माझ्या मते सगळी कसोटी तिथेच लागते. पाणी सुटलं की डिंगी रुसलेल्या जावयासारखी तोंड फिरवते. एकाच हुकावर लटकलेली असल्याने तिला गोल फिरायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यात शेजारून एखादी स्पीडबोट गेली की यॉट डुलते आणि बूमच्या, म्हणजे डिंगी ज्याला टांगतात त्या लांब दांड्याच्या टोकाशी त्या डुलण्याचं भलं मोठं हेलकावणं होतं. म्हणून बटण दाबण्याआधी डिंगीच्या पुढच्या टोकाला एक, मागच्याला एक असे दोर बांधून ते डेकवरच्या माणसांच्या हातात द्यावेत. बूमलाही दोन्ही बाजूंनी दोर हवेत. कारण डिंगी बाहेर टांगली की तिच्या वजनाने यॉट त्याच बाजूला कलते. मग बूम आत ओढताना चढ लागतो आणि बाहेर सोडताना उतार. उतारावर बूमचा दोर सुटला तर तो परत पकडायच्या फंदात पडू नये.

उचलायच्या पट्ट्याचे दोन पाय मागच्या फळीला, एक पुढे. इंजिनमुळे भार मागे असतो, त्यामुळे वरची कडी डिंगीच्या मध्यावर नाही, थोडी मागे यावी लागते. पुढचा पाय लांब-आखूड करत ती जागा एकदा सापडली की तिथे रंगीत टेप गुंडाळून टाकावी; दर वेळी नव्याने वाद घालण्यात अर्थ नसतो. नाक किंचित वर राहिलं म्हणजे जमलं. डिंगीत माणूस नाही, डिंगीखाली तर मुळीच नाही. वीतभर उचलून थांबावं, सगळ्या कड्या-हुक नजरेखालून घालावेत, मगच पुढे. इंजिन तिरकं करून अडकवलेलं हवं, नाहीतर तळ कठडा ओलांडून जातो आणि मागोमाग प्रोपेलर तिथेच थडकतो.

रिमोट एकाच्याच हातात असावा. सल्ले सगळ्यांकडून येतात, ते थांबवता येत नाहीत. शेजारच्या बोटींवरूनही येतात. विंचच्या घरघरीत ‘थांब’ उशिराच पोचतं, म्हणून मूठ आवळली की थांबायचं हे आधीच ठरवून घ्यावं.

डिंगी लाकडी ठोकळ्यांवर बसली की रॅचेटचे पट्टे आवळावेत, पण नळ्यांना खाच पडेल इतके नव्हे. उन्हात आतली हवा फुगते, म्हणून थोडी सोडून द्यावी. संध्याकाळी नळ्या मऊ पडल्या की पट्टे सैल होतात, ते पुन्हा आवळावेत. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आता बूच काढायचं. ते बरेच जण इंजिनच्या लाल सेफ्टी दोरीला (ओढली गेली की इंजिन बंद पाडणाऱ्या) बांधतात. पण ती दोरी हातात येते डिंगी पाण्यात उतरल्यावर, म्हणजे बूटभर पाणी आत शिरल्यावर. बूच विंचच्या रिमोटला बांधावं.