पाइपच्या वाटीतला खड्डा: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

आपल्या वणीकडच्या गटांवर तंबाखू ओढायच्या पाइपबद्दल मेसेज फिरतोय: ‘नवा पाइप चिलमीसारखा गोवरीच्या इंगळात भाजून घ्या, वाटीत खड्डा असेल तर इपॉक्सी भरा.’ (वाटी म्हणजे पाइपचा तंबाखू भरायचा भाग, इपॉक्सी म्हणजे वाळून कडक होणारा गोंद.) हात जोडून सांगतो, दोन्ही करू नका. चिलीम मातीची, कुंभाराच्या भट्टीतून निघालेली. ब्रायरचा पाइप म्हणजे भूमध्य सागराकडच्या झुडपाच्या मुळाची गाठ. लाकूडच ते, इंगळात जळणारच. आणि झुरका घेताना तंबाखूचा विस्तव शेकडो अंशांवर जातो. त्यात इपॉक्सी करपते आणि तो विषारी धूर थेट छातीत.

आजोबांच्या पाइपच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा होता. तंबाखूचीच राख वस्त्रगाळ करून, पाण्यात लोण्यासारखी कालवून मी काडीनं दाबून भरली, दोन दिवस वाळवली. मग वाटीत तंबाखू अर्धीच भरायची, सावकाश ओढायची. हळूहळू जमणारा काजळीचा थर हाच खरा लेप. तो दीड मिलिमीटरवर गेला तर खरवडा. जाड थर तापून फुगतो, वाटी तडकते.

बाहेरून एकाच जागी बोटाला चटका बसत असेल, लाकूड काळवंडत असेल, तर आतून जळत चाललंय. तो पाइप पुन्हा पेटवू नका.