चाल कुणाची, तेही सांगा

परवा बेळगावच्या शहापुरात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला. मी कीबोर्डवर असतो. गाणी लोकांच्या आवडीची: किशोर, रफी, आशाताई, मध्ये राजकुमारांचं एक कन्नड. त्याशिवाय बेळगावात कार्यक्रम पुरा होतच नाही. या वेळी मात्र हट्टानं वीस मिनिटं जुन्या हिंदी सिनेमाच्या संगीतकार सरस्वतीदेवींसाठी मागून घेतली होती.

'एक चतुर नार' म्हटलं की सगळ्यांना १९६८ चा 'पडोसन' आठवतो. ते नेहमीसारखं दणक्यात झालं, शिट्ट्या पडल्या. लगेच १९४१ च्या 'झूला'मधलं सरस्वतीदेवींचं मूळ गाणं घेतलं. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) बंद, फक्त पेटी, तबला, व्हायोलिन. मुखडा आला तशी पुढच्या रांगेतली एक आजी शेजारणीच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "अगं, हे तर तेच की!"

'कोई हमदम न रहा'चंही तसंच. 'झुमरू'चे (१९६१) संगीतकार किशोरकुमार, म्हणून ही चाल त्यांचीच असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. पण अशोककुमारांनी ते गाणं १९३६ मध्येच 'जीवन नैया'त गायलंय. झिंझोटी रागातली ती चाल सरस्वतीदेवींची.

बाईंचं मूळ नाव खुर्शीद होमजी. संगीतशास्त्री विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे शिकलेल्या. बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेच्या 'जवानी की हवा'साठी (१९३५) त्या आणि बहीण माणेक, दोघी सिनेमात आल्या, तेव्हा पारशी समाजात गदारोळ उठला. आपल्या मुलींनी हे काम करायचं नाही म्हणून. शेवटी नावं बदलली: खुर्शीदची सरस्वतीदेवी, माणेकची चंद्रप्रभा. म्हणजे काम करायचं तर आधी स्वतःचं नाव उतरवून ठेवायचं. आणि आता ते घेतलेलं नावही स्टेजवरून कुणी घेत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

राग येण्याचं कारण घरातही आहे. माझी आत्या खानापूरकडची. भजनी मंडळात तुकोबांच्या अभंगांना ती चाली लावायची. चुलीपुढं बसून, परातीच्या कडेवर बोटांनी ठेका धरून. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची, एक ओळ तीनदा म्हणायची, मग पुन्हा पिठात हात. त्या चाली आजही तिकडच्या दिंडीत गातात. एकदा एका कार्यक्रमात तिचीच चाल 'पारंपरिक' म्हणून सांगितली गेली. आत्या श्रोत्यांत बसली होती. काही बोलली नाही. घरी येऊन पदर डोक्यावरून काढला आणि म्हणाली, "पारंपरिक म्हंजे कोण रे?"

परवा मी निवेदकाला चिठ्ठी लिहून दिली होती: गायक, गीतकार आणि चाल कुणाची. त्यानं सगळं नीट वाचलं. एका गाण्याला फार तर दहा सेकंद जास्त लागले.

गणपतीच्या तारखा ठरताहेत. निपाणी, खानापूर, चंदगडकडच्या वादक मित्रांनो, आपापल्या निवेदकाला एवढी चिठ्ठी द्याच. आणि तुमच्या गावच्या भजनात कुण्या बाईनं लावलेली चाल असेल, तर तिचं नाव मला कळवा. आत्याच्या चार चाली मी रेकॉर्ड करून ठेवल्यात, पाचवी तिला अर्धीच आठवते. पुढच्या रविवारी पेटी घेऊन पुन्हा जातोय.