प्रतिक्रियेला उत्तर: असईला पडलेला शिपाई पेन्शनच्या कागदांत का मिळत नाही

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या सुनेच्या माहेरी, स्कॉटलंडच्या लुइस बेटावर, पिढ्यानपिढ्या सांगतात की त्यांचा डोनल्ड मॅक्लाउड 78व्या हायलँडर पलटणीत होता आणि 1803 मध्ये आपल्या जालना-भोकरदनकडच्या असईच्या लढाईत पडला. ब्रिटिश फौजेतला शिपाई कसा शोधावा या माझ्या लेखात सांगितल्याप्रमाणे तुम्ही डब्ल्यूओ 97 हा ब्रिटिश युद्धखात्याच्या कागदांचा संच चाळला. डोनल्ड मॅक्लाउड ढिगाने निघाले, हा काही निघाला नाही. ‘म्हणजे घरची गोष्ट खोटी, नाहीतर तुमची पद्धत कुचकामी.’

गोष्ट खोटी असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पद्धत मात्र या माणसासाठी चुकलीच, आणि तो दोष माझ्या लेखाचा. डब्ल्यूओ 97 हे नोकरीतून सुटल्याचे कागद आहेत. 1883 पूर्वीचे कागद प्रामुख्याने पेन्शन मिळवून सुटलेल्यांचे. जो लढाईत, तापाने किंवा हगवणीने नोकरीतच मेला, त्याला कोण नोकरीतून सुटल्याचा कागद देणार? पदकाच्या यादीचंही तेच. असईची पट्टी असलेलं ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झालं 1851 साली, म्हणजे 48 वर्षांनी, आणि तेही तोवर हयात असलेल्यांना. (पट्टीवर गावाचं नाव ‘अस्साय’ असं कोरलंय; इंग्रजी कागदांत शोधताना दोन-तीन स्पेलिंगं लावून बघा.)

तुमचा माणूस असायला हवा तो डब्ल्यूओ 12 मध्ये. हे पलटणीचे हजेरीपट आणि पगारपत्रकं. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती आहेत. बहुतेक भाग ऑनलाइन नाही, तेव्हा स्वतः जायचं किंवा तासाच्या हिशोबाने संशोधक लावायचा. लष्करी पगाराच्या तिमाह्या 24 मार्च, 24 जून, 24 सप्टेंबर आणि 24 डिसेंबरला संपत. असईची लढाई झाली 23 सप्टेंबरला, तिमाही संपायच्या आदल्या दिवशी! त्यामुळे ‘मयत’ हा शेरा त्या पत्रकात नसेल तर लगेच हात टेकू नका, पुढचं उघडा. भारतातल्या पलटणींचे पट कधी जास्त काळाचे एकत्र केलेले असतात, म्हणून पानाच्या माथ्यावरचा कालावधी आधी वाचायचा. आणि पत्रक शेवटच्या पानापर्यंत उलटायचं. तिथे मेलेल्या-सुटलेल्यांचा वेगळा तक्ता असतो, आणि तो नीट भरलेला असला तर जन्मगाव, धंदा आणि भरतीची तारीख मिळते. तुम्हाला हवं ते सगळं त्या एका ओळीत. जखमी होऊन काही आठवड्यांनी मेलेले पुष्कळ, म्हणून 1804 चे पटही मागवून ठेवा.

शिपायांना तेव्हा क्रमांक नव्हते. पलटणीच्या एकाच तुकडीत, म्हणजे कंपनीत, तीन डोनल्ड मॅक्लाउड असले की कारकून ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘तिसरा’ असं लिही. यातला एक मेला की दुसऱ्याचा पहिला होऊ शकतो, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नका. कंपनीच्या कॅप्टनचं नाव धरा आणि एकेक पट मागे जा. मॅक्लाउड हे आडनाव ‘एम’नंतर नुसता अपॉस्ट्रॉफी देऊनही लिहिलेलं असतं, सर्चमध्ये ते वेगळं टाकावं लागतं. पहिल्या नावाचाही असाच घोळ होतो: घरात टॉरमॉड, यादीत नॉर्मन, घरात रुअरी, यादीत रॉडरिक.

पलटणीच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. 78 हा आकडा सीफोर्थ या लुइसच्या मालक घराण्याच्या दोन वेगळ्या पलटणींचा आहे. 1778 साली उभी राहिलेली पलटण आधी 78वी होती, 1786 मध्ये ती 72वी झाली. असईला लढली ती 1793 ची नवी 78वी. शिवाय त्या दिवशी मैदानात 74वी हायलँडरही होती आणि सर्वांत जास्त कापली गेली तीच. 78व्या पलटणीत नाव नाहीच निघालं तर 74व्या पलटणीचे पट बघा.

‘पाश्चात्त्य बेटांचा एकच परगणा असल्यासारखं लिहिलंय’ हा तुमचा दुसरा आक्षेप मान्य, लेखात दुरुस्ती केली आहे. लुइस तेव्हा रॉस परगण्यात होतं. त्याला जमिनीनेच जोडलेलं हॅरिस, आणि खालची युइस्ट आणि बॅरा ही बेटं इन्व्हरनेसमध्ये. हे प्रत्यक्षात उपयोगी पडतं. उईग नावाची जागा लुइसवर आहे तशी स्काय या दुसऱ्या बेटावरही आहे. कागदावर ‘उईग, रॉस’ असेल तर लुइस, ‘उईग, इन्व्हरनेस’ असेल तर स्काय.

मुंबई इलाख्याच्या दफनांचं तुम्ही विचारलंत. त्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या क्रमांकाखाली आहेत. छावणीत मेलेल्यांसाठी त्या उत्तम. रणांगणावर पुरलेल्या साध्या शिपायासाठी तिथे फार वेळ घालवू नका.

आता अवघड भाग. पटात ‘जन्म लॉक्स, रॉस’ (लॉक्स हा लुइसवरचाच एक भाग) असं मिळालं, तरी त्याचे आईवडील चर्चच्या वह्यांत मिळणार नाहीत. लॉक्स आणि उईगच्या जुन्या नोंदवह्या सुरूच होतात 1820-30 च्या सुमारास, आणि तुमचा माणूस त्याच्या कितीतरी आधी जन्मलेला. तिथे दोनच आधार उरतात. एक म्हणजे बेटाचे मालक सीफोर्थ यांचं दप्तर, एडिनबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, क्रमांक जीडी 46. त्यात लुइसच्या जमीनदारीचे आणि भरतीचे कागद आहेत. दुसरा आधार घरातच आहे. आपल्याकडे गावात ‘कुणाचा रं तू?’ विचारतात, तसं तिथे गेलिक या त्यांच्या भाषेत ‘को लेश ऊ’ विचारतात, आणि उत्तरात आडनाव येत नाही, बापजाद्यांची साखळी येते: दोनल इयान वुराखी, म्हणजे मर्डोचा मुलगा जॉन, त्याचा मुलगा डोनल्ड. क्यूला पैसे भरण्याआधी सुनेच्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून ही साखळी गेलिकमध्येच लिहून घ्या. इंग्रजी करून घेऊ नका. आणि ती कोणत्या गावची, हेही सोबत.