जंतूंची शिकवणी

घसा धरला, नाक गळायला लागलं, अंगात कणकण आली, की पहिलं काम करा: डॉक्टर बदला. जुने डॉक्टर बिघडलेत. गेल्या खेपेला त्यांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, छाती तपासली आणि म्हणाले, "व्हायरल आहे. पॅरासिटॅमॉल घ्या, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, चार-पाच दिवसांत उतरेल." आणि एवढ्यावर फी घेतली! गुळण्या तर आईसुद्धा सांगते, तीही फुकट.

तेव्हा गर्दीचा दवाखाना गाठा. आत गेल्यावर लक्षणं सांगत बसू नका, कॅलेंडर सांगा. "डॉक्टर, रविवारी मेव्हणीचं लग्न आहे, काहीतरी पॉवरफुल द्या." सर्दी विषाणूंची असते आणि विषाणूंना अँटिबायोटिकने काही होत नाही, हे डॉक्टरांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण बाहेर बाकावर बावीस जण खोकतायत. समजावून सांगायला दहा मिनिटं, गोळी लिहायला दहा सेकंद. शिवाय नुसतं पॅरासिटॅमॉल लिहून पाठवलं, तर तुम्ही पलीकडच्या गल्लीत जाणार, तिथे बरे होणार (होणारच होतात), आणि सोसायटीभर सांगणार की त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. म्हणून मग अँटिबायोटिकचं 'कव्हर' दिलं जातं. ते कव्हर पेशंटला असतं की डॉक्टरांना, हे विचारू नये. जोडीला अ‍ॅसिडिटीची गोळी येते, ती घ्या.

अँटिबायोटिक का देतोय त्याचं कारण चिठ्ठीवर लिहा, असं जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्राने कळवलं. 'मेव्हणीचं लग्न' हे कारण त्यात बसतं का, हे पत्र लिहिणाऱ्यांनाच ठाऊक.

फी वाचवायची असेल तर थेट मेडिकलमध्ये जा. पेनिसिलीन मिळावं म्हणून देशाने १९५४ साली पिंपरीत अख्खा सरकारी कारखाना काढला होता. आता नाक्यावर "ती तीन गोळ्यांची पट्टी द्या" म्हटलं की भागतं. चिठ्ठी लागते म्हणे. २०१४ पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांसाठी दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं. सगळी अँटिबायोटिक्स त्या यादीत नाहीत, तेवढाच दिलासा. पट्टीवर 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' सांगणारी उभी लाल रेघ दिसली तर घाबरू नका, डिझाइन समजा.

आता खरं कसब. पाच दिवसांचा कोर्स असेल तर दुसऱ्या दिवशी ताप उतरताच थांबा. उरलेल्या गोळ्या टाकू नका, आपण काय उधळे आहोत? फ्रिजवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतोच. त्यात बटणं, जुन्या किल्ल्या आणि नाव फाटलेल्या पट्ट्या सुखाने नांदतात. पुढच्या सर्दीला एक बायकोला, अर्धी धाकट्याला, दोन शेजारच्या काकूंना. काकू प्रेमाने विचारतात, "तुमच्याकडची ती लाल-पिवळी आहे का रे?"

या डब्याबद्दल पेनिसिलीन शोधणारा अलेक्झांडर फ्लेमिंग १९४५ सालीच बोलून गेला. नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात त्याने एक गोष्ट रचून सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो (बघा, घसाच!), तो स्वतःच पेनिसिलीन आणतो आणि इतकं कमी घेतो की जंतू मरत नाहीत, नुसते शिकतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन चालत नाही आणि ती जाते. माणूस उगाच घाबरट. अहो, मुलांच्या क्लासची फी भरताना आपल्या तोंडाला फेस येतो, आणि इथे जंतूंना फुकट शिकवतोय तर त्यात एवढं काय?

आणि विद्यार्थी हुशार आहेत हो. गोळी घशासाठी घेतली तरी आतड्यातल्या जंतूंचाही वर्ग भरतो. शिवाय ते आपल्या पोरांसारखे वह्या लपवत नाहीत. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांतून एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला सरळ नोट्स देतो. अशाच एका जनुकाला नवी दिल्लीचं नाव मिळालं, एनडीएम-वन. २०१० मध्ये आपण त्या नावावरून केवढं रागावलो होतो! नाव काही बदललं नाही, नोट्स फिरतच राहिल्या.

यथावकाश घरातल्या वडीलधाऱ्यांना लघवीला जळजळ होईल, थंडी वाजून ताप भरेल. डब्यातली गोळी देऊन बघाच. दुसरीही बघा. मग कोणीतरी लघवीचं कल्चर करायला सांगेल. दोन-तीन दिवसांनी हाती येणारा रिपोर्ट म्हणजे जंतूंचं प्रगतिपुस्तक: डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे शेरा. एस असेल तर औषध चालेल. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. वरून खाली वाचत जा: आर, आर, आर, आर. शेवटून दुसऱ्या ओळीत एक एकटा एस.

ते औषध गोळीत येत नाही. दर आठ तासांनी शिरेतून द्यावं लागतं, अ‍ॅडमिट करून. सही करताना डॉक्टर सांगतील, "जरा पॉवरफुल आहे."