ड्रिफ्ट म्हणे आम्हीच घालतो!

आज सकाळी माझ्या गेम कंट्रोलर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं नाही तोच एका मित्राने स्क्रीनशॉट पाठवला. नाशिकच्याच गेमर पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप. लिहिलंय, "एमजी रोडचे रिपेअरवाले एक स्टिक दुरुस्त करतात आणि दुसरीत मुद्दाम ड्रिफ्ट घालून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं." खाली धडाधड अंगठे.

घालून ठेवतात! (स्टिक म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची दांडी, आणि ड्रिफ्ट म्हणजे तिला हात न लावताही गेममध्ये आपोआप हालचाल होणं.) अरे, ड्रिफ्ट म्हणजे काय मिसळीवरची तर्री आहे का, मागाल तेवढी वाढायला?

कोणी लिहिलंय ते लगेच कळलं. गेल्या शनिवारचा दहावीतला पोरगा. कंट्रोलर काउंटरवर ठेवतानाच निकाल देऊन मोकळा, "काका, नवीन मॉडेल येतंय ना, म्हणून कंपनीने अपडेटमधून माझा बिघडवला." त्याच्यासमोर उघडला. स्टिकखाली बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी असते, तिच्या दोन बाजूंना दोन टोप्या. टोपीच्या आत काळ्या कार्बनचा अर्धगोल पट्टा आणि त्यावरून घासत फिरणारे केसासारखे पत्र्याचे पाय. बस, एवढंच यंत्र. पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये साधारण १० किलोओहम, स्टिक मध्यावर असली की मधल्या पिनेपासून दोन्हीकडे निम्मं-निम्मं. ह्याच्या डाव्या स्टिकचा पट्टा बरोबर मधोमध घासून चकचकीत झालेला. मीटर लावला तर आकडा एका जागी ठरेना. म्हणून गेममधला गडी कोणी हात न लावता आपला चालत सुटायचा.

अपडेटने कार्बन झिजत नाही, राजा. (एक मान्य करतो. अपडेटमध्ये डेड झोन, म्हणजे मधला "इथली हालचाल मोजू नको" म्हणून सोडलेला भाग, कमी झाला तर आधी लपलेला ड्रिफ्ट एका रात्रीत दिसायला लागतो. पण दिसणं वेगळं, घालणं वेगळं.)

आपण नोट प्रेसच्या गावची माणसं. दोन हजारच्या नोटेत चिप आहे हे २०१६ साली आपल्याला छातीठोकपणे सांगणारे काका-मामा आठवा, आणि मग पोरांना नावं ठेवा. कॅसेटवाल्या गेमच्या काळात तरी काय होतं? कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. फुंकरीने काहीही होत नव्हतं. काढून घातल्यामुळे पिना नव्या जागी टेकायच्या, म्हणून चालायची. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पिना गंजायच्या. ज्यांच्याकडे अजून असतील त्यांनी कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, फुंकू नका.

आणि जगातला सगळ्यात गाजलेला कट तर, माझं दुकान ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आहे त्यांच्याच नावावर! "सिव्हिलायझेशन" हा १९९१ चा, देश चालवायचा गेम, आणि गांधीजी त्यात भारताचे नेते. गोष्ट अशी सांगतात की त्यात गांधीजींचा आक्रमकपणा १ ठेवला होता. लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा. आता तो आकडा ठेवायच्या आठ बिटांच्या खान्यात ० ते २५५ च मावतात, उणे एक मावत नाही, म्हणून आकडा गर्रकन फिरून २५५, आणि अहिंसेचे पुजारी अणुबॉम्ब टाकत सुटले. इतकी घट्ट विणलेली गोष्ट की इंजिनिअरिंगची पोरं व्हायव्हात सांगतील. आणि साफ खोटी. गेम बनवणाऱ्या सिड मायरनेच २०२० च्या आत्मचरित्रात लिहिलं की असा बग नव्हताच. त्याआधी २०१० च्या पाचव्या भागात मात्र अण्वस्त्रांच्या आवडीचा गांधीजींचा आकडा मुद्दाम १२ ठेवला होता, पट्टी १० पर्यंतच असताना. नुसती थट्टा म्हणून. म्हणजे बाहेरचे ज्याला चूक म्हणतात ती चूक नव्हती, आणि जे मुद्दाम केलं ते विनोद म्हणून केलं. आता बसा कट शोधत.

मला सांगायचंय ते एवढंच, की ह्या कंपन्या तुम्ही समजता तेवढ्या हुशार नाहीत हो. "जीटीए ऑनलाइन" सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची. पोरांची थिअरी ठरलेली: ताटकळत ठेवतात, म्हणजे वैतागून माणूस पैसे टाकेल. २०२१ मध्ये बाहेरच्याच एका प्रोग्रामरने घरी बसून गेमची चिरफाड केली. निघालं काय? गेममधल्या दुकानातल्या मालाची यादी, साधारण १० एमबीची, ६३,००० वस्तूंची. एक नोंद वाचली की प्रोग्राम उरलेला सगळा मजकूर शेवटपर्यंत मोजायचा, मग पुढची नोंद, परत मोजणी. लग्नाच्या पत्रिकेवर एक नाव लिहायचं आणि दर नावाला उरलेली अख्खी यादी मोजत बसायचं, तसं. वर प्रत्येक वस्तू आधीच्या सगळ्या वस्तूंशी ताडून बघायची, म्हणजे जवळजवळ १९८ कोटी तुलना. त्याने ते दोन गुंते सोडवले आणि वेळ सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. कंपनीने दुरुस्ती उचलली, त्याला १०,००० डॉलर दिले. कसला कट? वर्षानुवर्षं आपलंच घड्याळ कोणी बघितलं नाही, एवढंच.

शनिवारचा पोरगा हे ऐकून काय म्हणाला असेल? "तो प्रोग्रामर पण त्यांचाच असेल." मी चहा सांगितला.

बरं, सगळे साव आहेत असं म्हणतोय का मी? नाही. अटारी ह्या गेम कंपनीने अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत कॅसेटी जमिनीत पुरल्या ही कित्येक जण थाप समजायचे, २०१४ मध्ये खणल्या तर १,३०० च्या आसपास हाताला लागल्या. पण माझा राग वेगळा आहे. खरी लबाडी लपवलेली नसतेच! ती छापलेली असते. ॲक्टिव्हिजन ह्या गेम कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये मिळालेलं पेटंट काढून वाचा. नवख्या खेळाडूला भारी बंदूकवाल्याशी गाठ घालून द्यायची, म्हणजे त्यालाही ती विकत घ्यावीशी वाटेल, असं त्यात चक्क लिहून ठेवलंय. कुठल्या गेममध्ये वापरलं नाही म्हणतात. नसेल वापरलं, पण बसून विचार केला की नाही? आमचे लोक मात्र "फिफा" ह्या फुटबॉल गेमच्या मोमेंटमवर, म्हणजे गेम गुपचूप हरणाऱ्याला हात देतो ह्या समजुतीवर, रात्र घालवणार, ८९ व्या मिनिटाला गोल खाल्ला म्हणजे कॉम्प्युटरने घालवला. त्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात खटलासुद्धा झाला. कंपनीने आपले इंजिनिअर समोर बसवून माहिती दिली आणि पुढच्या वर्षी फिर्यादींनी स्वतःच खटला मागे घेतला. ८९ व्या मिनिटाला तुझा बचावपटू दमलेला असतो बाबा, बदली खेळाडू उतरव की!

क्रेटचंही तेच, म्हणजे पैसे टाकून उघडायची, आत काय निघेल ते नशिबावरची गेममधली पेटी. रात्री बाराला उघडला तर लागतो, नवीन आयडीला लागतो, लॉबीत उडी मारून उघडला तर लागतो. १ टक्का शक्यता लिहिली असेल आणि उघडलेले क्रेट एकमेकांशी बांधलेले नसतील, तर १०० क्रेट उघडूनही दर १०० जणांत ३६-३७ जण कोरडेच राहणार. निम्मी शक्यता गाठायलाच ६९ लागतात. हा आकडा स्क्रीनवर आय चिन्हाच्या मागे बारीक अक्षरात असतो. तिथे कोणी बोट लावत नाही, बाराचा गजर मात्र लावतात. बापाच्या यूपीआयवर.

असो. चिडून लिहितोय ते कळतंय मला.

त्या पोराचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. "काका, न झिजणारी स्टिक बनतच नाही का?" बनते. चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबक किती हलला ते दुरूनच ओळखणारा), दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही, घासायला काही नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये होती, जपानात १९९८ मध्ये आला तो. मग आज महागड्या कंट्रोलरमध्येही घासणारा कार्बन का? ह्याचं बरं उत्तर माझ्याकडे नाही. स्वस्त पडतो, हे उत्तर बरं म्हणता येत नाही.

दुकानात यायच्या आधी घरी काय करायचं ते लिहून ठेवतो. कंट्रोलर बंद. स्टिकच्या मुळाशी ९९ टक्के आयसोप्रोपिलचे दोन-तीन थेंब (सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन आत चिकटून बसतं), स्टिक गोल गोल वीस-तीस वेळा, पंधरा मिनिटं वाळू द्या. धूळ असेल तर सुटतो. पट्टाच झिजला असेल तर आठवड्याने परत येतो, मग मॉड्यूल, म्हणजे ती अख्खी डबी, बदलणं आलं. १४ टाके आहेत, पैकी डबीचे चार पाय अख्ख्या बोर्डाची उष्णता ओढतात. टाका वितळला नाही म्हणून घाईने खेचलं की भोकातलं तांबं उपटून येतं आणि बोर्ड जातो. आधी जुन्या टाक्यांत शिशाचं सोल्डर मिसळून घ्यायचं, मगच शोषायचं. हॉलवालं बसवलं तर मध्य कॅलिब्रेट करायला विसरू नका, नाहीतर नवा कोरा पार्ट पहिल्या मिनिटाला ड्रिफ्ट करतो आणि शिव्या मला.

आता उजव्या स्टिकचं, ग्रुपवरच्या त्या "दुसरी"चं. दुपारी डोकं थंड झाल्यावर पेटली. पोराने डावा ड्रिफ्ट लपवायला गेममध्ये डेड झोन २० वर नेऊन ठेवला होता. त्या गेममध्ये दोन्ही स्टिकना मिळून एकच डेड झोन. नवीन मॉड्यूल टाकल्यावर "आता ५ वर आण" असं मीच सांगितलं. उजवीही तितकीच जुनी, आतून थोडी झिजलेली, २० च्या पांघरुणाखाली झोपलेली. पांघरूण मी काढलं. आणि उजवी तपासली नाही, कारण शनिवारची गर्दी होती.

पोराला मेसेज केला: "उद्या ये. उजवीचे पैसे नको. समोर बस, मीटर तूच धर."

उत्तर आलं: "येतो काका. मीटर माझा आणला तर चालेल ना?"