बोर्ड नाही, पण डेमो द्या!

दर दुसऱ्या शुक्रवारी तेच. स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा) संपला, डेमो दाखवा. अहो, आम्ही इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारं सॉफ्टवेअर लिहितो, ते कशावर दाखवू? नव्या रिव्हिजनचा बोर्ड अजून आलेलाच नाही, आणि जुन्यावर कॅन ट्रान्सीव्हरचे (बोर्डला इतर उपकरणांशी बोलू देणाऱ्या चिपचे) टीएक्स-आरएक्स, म्हणजे डेटा पाठवायचे आणि घ्यायचे पिन, उलटे जोडलेत. पीसीबी (कोरा बोर्ड) बनून, कॉम्पोनंट लागून हातात पडेपर्यंत चार-सहा आठवडे सहज जातात. स्प्रिंट दोन आठवड्यांचा. एवढं साधं गणित प्लॅनिंगला बसलेल्या एकालाही दिसू नये?

मला अजाइलचं, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायच्या या पद्धतीचं, वावडं नाही. 2001 साली 17 जणांनी अजाइलच्या जाहीरनाम्यात लिहिलं ते पटतंच. चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं, बदलाला सामोरं जाणं महत्त्वाचं. पण आमच्याकडे अजाइलमधला फक्त स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, उचलला. ‘काल काय केलं?’ काल दिवसभर ऑसिलोस्कोपचा (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब धरून एसपीआयच्या, म्हणजे चिप एकमेकींशी बोलतात त्या जोडणीच्या, क्लॉक सिग्नलवरचा ग्लिच शोधत होतो, जो बोर्ड तापल्यावरच येतो. त्याचे किती स्टोरी पॉइंट (काम किती मोठं त्याचे गुण) सांगू? ‘तीन टाका’ म्हणतात, आणि बर्नडाउन, म्हणजे उरलेल्या कामाचा आलेख, खाली आला नाही की जाब आम्हालाच!

करायला हवं ते राहूनच जातं. हार्डवेअरवाल्यांना त्याच प्लॅनिंगला बसवा ना! हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन लेयर (हार्डवेअरशी बोलणारा कोड बाकी कोडपासून वेगळा ठेवणारा थर) नीट करायला वेळ द्या, म्हणजे लॉजिकच्या टेस्ट तरी बोर्डाशिवाय पीसीवर चालतील. रोज रात्री खऱ्या बोर्डवर नवी बिल्ड फ्लॅश होऊन (बोर्डात भरली जाऊन) आपोआप तपासली जाईल असा एक रिग, म्हणजे चाचणीची मांडणी, द्या. तो मागितला की बजेट नसतं, आणि अजाइलच्या ट्रेनिंगला मात्र दरवर्षी निघतं.